वीजतंत्र्याला सुटते किती?
(वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या, म्हणजे आपल्या आय.टी.आय.च्या, कचेरीत मी पुष्कळ वर्षे कारकुनी केली. दहावीचा निकाल लागला की मुलांना घेऊन आया खिडकीशी येत. वीजतंत्रीच्या, म्हणजे इलेक्ट्रिशियनच्या, वर्गाची चौकशी करताना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "बाई, ह्यात पोराला सुटेल किती?"

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर एका आकड्यात देता येत नाही. एकाच बाकावर शिकलेल्या दोघांपैकी एक जण दहा वर्षांनीही कंत्राटदाराकडे रोजावर भिंतीला खाचा पाडीत असतो. दुसरा स्वतः कंत्राटे घेतो. हाताचे कसब दोघांचे सारखेच. फरक पडतो तो बहुधा कागदांमुळे.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा. प्रमाणपत्र हाती आले की घरात पेढे वाटतात आणि शिक्षण संपले असे धरून चालतात. मला विचाराल तर खरी कसोटी पुढल्या वर्षाची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याखाली कारखान्यात किंवा वीज कंपनीत उमेदवारी करावयाची असते. २०१९ च्या दुरुस्तीने आय.टी.आय. झालेल्या उमेदवाराचे विद्यावेतन दरमहा किमान ७,००० रुपये ठरले. तेवढ्यात एखादा कंत्राटदार १२,००० देऊ करतो. घरात कर्ज असले म्हणजे आईचा जीव त्या बारांकडे ओढ घेणारच. तिला नावे ठेवणारी मी कोण? परंतु उमेदवारीचे प्रमाणपत्र मोठ्या कारखान्यांत विचारले जाते, आणि हे वर्ष सुटले की चार वर्षांनी परत येऊन ते पुरे करणारी मुले मी फारच थोडी पाहिली.

दुसरा कागद परवान्याचा. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलणे वेगळे. पण घराची नवी वायरिंग करावयाची तर ती परवानाधारक कंत्राटदारामार्फत, आणि परवाना असलेल्या माणसाच्या हातूनच झाली पाहिजे. १९५६ च्या वीज नियमांत हे होते, आजच्या नियमांतही आहे. ज्याच्याजवळ परवाना नाही तो आयुष्यभर दुसऱ्याच्या नावावर राबतो. सही दुसऱ्याची, म्हणून पैसाही दुसऱ्याचा.

सरकारी नोकरीचे म्हणाल, तर महावितरणच्या विद्युत सहायकाच्या ५,३४७ जागांची जाहिरात २०२३ च्या अखेरीस निघाली. तीत पहिल्या वर्षी दरमहा १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,०००, तिसऱ्या वर्षी १७,००० असे ठोक मानधन होते. तीन वर्षे नीट पार पडली की तंत्रज्ञाच्या वेतनश्रेणीची आशा. भर पावसात खांबावर चढण्याची ही नोकरी आहे, हे मुलाला आधीच सांगावे. पुढे शिकण्याची वाटही बंद नाही. दहावीनंतर दोन वर्षांचे आय.टी.आय. केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. शिवाय २०२४ साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांचे आहे. छपरांवर ती पाने बसवणार कोण?

आता मुलींविषयी. आमच्या संस्थेत मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असत. त्या भरायला मुली येत नसत आणि अखेरच्या फेरीत त्याच जागा मुलांना जात. हे मी दरवर्षी माझ्या हाताने यादीत लिहिले आहे. "पोरगी का खांबावर चढणार?" असे आया विचारीत. सगळे काम खांबावरचे नसते. मोटारींचे रिवाइंडिंग, कारखान्यातील पॅनेलची जोडणी, मीटरची तपासणी ही कामे छपराखाली, बसून किंवा उभ्याने करावयाची. ज्या थोड्या मुली आल्या, त्यांचे पॅनेलचे काम इतके नेटके असे की मास्तर मुलांना ते दाखवीत.

जाता जाता आपल्या स्वतःविषयी एक. झुंबराची किंमत आपण मुकाट देतो आणि ते टांगणाऱ्याच्या मजुरीत पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. त्याचे पेट्रोल, त्याची हत्यारे, त्याचे रिकामे दिवस हे सारे त्याच मजुरीतून निघावयाचे असते.

प्रवेशाचे अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास ऑनलाइन भरावे लागतात. कोणाला अडचण असेल तर दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि असल्यास जातीचा दाखला घेऊन मंडळाच्या खोलीत यावे. त्या दिवसांत दर शनिवारी दुपारी तीन ते पाच मी तेथे बसेन. मुलींना अवश्य आणावे.