जात्यापाशी आठवतं ते



साहित्याच्या मांडवात मी आज मेंदूविषयी बोलणार आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्याचं बरंचसं वाङ्मय अजून कागदावर आलेलं नाही, ते म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. म्हणून ते तिथे कसं राहतं आणि कसं बाहेर येतं, हे लिहिणाऱ्यांनी समजून घ्यायला हवं.

कळमनुरी तालुक्यातल्या एका आजींकडे मी ओव्या लिहून घ्यायला गेलो होतो. ओसरीवर बसून विचारलं, तर दीड ओवी सांगून थांबल्या. "काय की माय, आसं बसल्या बसल्या नाही ध्यानात येत," म्हणाल्या. सुनेनं कोपऱ्यातलं जातं पुसून मांडलं, मूठभर ज्वारी आणली. आजींनी खुंटा धरला, दोन फेरे नुसतेच झाले, आणि तिसऱ्या फेऱ्याला गळा मोकळा झाला. माहेरची, भावाची, पंढरीची, एकीला लागून दुसरी. माझी लेखणी मागे पडली.

यात चमत्कार नाही. एखादा अनुभव घेताना मेंदूतल्या अनेक पेशी एकदम जाग्या होतात. आवाजाच्या वेगळ्या, हाताच्या हालचालीच्या वेगळ्या, वासाच्या वेगळ्या. ज्या पेशी पुन्हा पुन्हा एकत्र जाग्या होतात, त्यांच्यातले सांधे बळकट होतात. ब्लिस आणि लोमो या संशोधकांनी १९७३ साली सशांच्या मेंदूत हे दाखवून दिलं. तात्पुरती आठवण आहेत त्याच सांध्यांवर निभावते. कायमची राहायची तर पेशीला नवी प्रथिनं घडवावी लागतात, नवे सांधे जोडावे लागतात. एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीवर हे काम केलं आणि २००० साली त्यांना नोबेल मिळालं.

या विखुरलेल्या पेशींची मोट सुरुवातीला बांधून ठेवतो तो हिप्पोकॅम्पस, कानशिलाच्या आत खोलवर असलेला मेंदूचा भाग. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाची फेफरं थांबावीत म्हणून शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढला गेला. जुनं बरंच त्याला आठवे, पण नवं काही टिकेना. मात्र ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. आपण हे काल केलं होतं, याची त्याला गंधवार्ताही नव्हती. हाताची आठवण वेगळ्या वाटेनं राहते, ती अशी.

आठवायचं म्हणजे पेशींच्या त्या जुळणीचं एक टोक हाती यावं लागतं, मग बाकीची जागी होते. १९७५ साली गॉडन आणि बॅडली यांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली पाठ करायला दिले. ते काठापेक्षा पाण्याखालीच जास्त आठवले. आजींचं टोक जात्याच्या खुंट्याला होतं. आता घरोघरी गिरणीचं पीठ आलं, मोट गेली, खळी गेली. बाईचे कष्ट कमी झाले याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या कामांबरोबर गाण्यापर्यंत पोहोचण्याची वाटही बुजली. गाणं आत आहे, बाहेर काढणारं काही उरलं नाही. याची मला फार काळजी वाटते.

आठवणीच्या ताकदीची साक्ष म्हणजे आपल्याच नर्सीचे संत नामदेव. नामदेवांच्या हयातीतली वही आपल्यापाशी नाही. परंपरेनं त्यांची समाधी १३५० ची. पंजाबात आदिग्रंथ सिद्ध झाला १६०४ साली, आणि त्यात त्यांची ६१ पदं आहेत. मधल्या अडीचशे वर्षांत गाणाऱ्या गळ्यांनी केवढा भार वाहिला असेल! इकडच्या जुन्या वह्यांत एकाच अभंगाचे पाठ वेगवेगळे सापडतात, त्यात मला उणेपणा दिसत नाही. प्रत्येक वेळी आठवताना मेंदू ती गोष्ट थोडी नव्यानं रचतो. मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी १९३२ च्या पुस्तकात तेच दाखवलं: वाचलेली कथा पुन्हा सांगताना माणसं ती आपल्या ओळखीच्या जगाकडे वळवतात.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरातून लाखावर ओव्या गोळा करवल्या. आपल्या पाच तालुक्यांत असं काम तरुण लेखकांनी हाती घ्यावं, हे माझं आजचं मागणं आहे. प्रश्नांची यादी घेऊन जाऊ नका. जातं मांडा, खुरपं घेऊन निंदणीला सोबत जा, एकादशीच्या भजनात मागे बसा. एकटीला विचारू नका, तिच्या जुन्या जोडीदारणीलाही बोलवा. एकीचा शब्द दुसरीला पुढचा शब्द देतो. रझाकारांच्या काळाविषयी विचारायचं तर त्या माणसाला त्याच वाड्यात, त्याच विहिरीपाशी घेऊन जा. तारखा मात्र कागदपत्रांशी ताडून पाहा, कारण ठामपणे सांगितलेली आठवणही चुकते. गाणारीचं नाव, गाव आणि गाताना हाती कोणतं काम होतं ते नोंदवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. तीच ओवी तिनं वेगळी म्हटली, तर दोन्ही पाठ लिहा, आणि त्यातला एकही सुधारू नका.