सुधारावी कीं बदलावी?

एखादी वस्तु मनांत भरलेली असावी, परंतु कालमानानें ती अपुरी पडूं लागावी, म्हणजे तिच्या धन्यापुढें अवघड प्रश्न उभा राहतो. तिच्यांतच सुधारणा करून ती चालवावी, कीं तिला निरोप देऊन नवी आणावी? वडिलार्जित वाड्याविषयीं हा प्रश्न पुष्कळ घरांत पडतो. वेगाच्या व चालविण्याच्या आनंदासाठीं बांधलेल्या स्पोर्ट्स मोटारीविषयीं तो अधिकच बोंचतो. कारण तसली गाडी बाळगण्यास गरजेपेक्षां प्रेमच अधिक कारण असतें. जर्मनींतील स्टुटगार्ट शहरच्या पोर्शे कारखान्यापुढें एकाच गाडीच्या बाबतींत हा प्रश्न पुनःपुन्हां आला. ती हकीकत उद्बोधक आहे.

ती गाडी म्हणजे पोर्शे ९११. १९६३ सालीं फ्रँकफुर्टच्या मोटार-प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली, तेव्हां तिचें नांव ९०१ असें होतें. मध्यें शून्य असलेले तीन आंकडी क्रमांक वापरण्याचा हक्क फ्रान्समध्यें आपला आहे, असा दावा प्यूजो कंपनीनें केला. म्हणून १९६४ सालीं शून्याच्या जागीं एक आला. तिचें एंजिन सहा सिलिंडरांचें, दोन लिटरांचें व १३० अश्वशक्तीचें होतें. तें पाण्यानें नव्हे, तर पंख्याच्या वाऱ्यानें थंड होई; आणि तें पुढें नसून मागच्या आंसाच्याही मागें, गाडीच्या शेपटाकडे बसविलेलें होतें.

या मांडणींतच तिचा गुण होता व दोषही होता. एंजिनाचा भार मागच्या चाकांवर पडे, त्यामुळें तीं रस्ता घट्ट धरीत आणि गाडी जोरानें झेप घेई. परंतु वेगांत वळण घेतांना चालकानें घाबरून एकाएकीं वेग आंवरला, तर भार पुढें सरके, मागच्या चाकांची पकड ढिली होई आणि जड शेपूट बाहेर फेकलें जाऊन गाडी गरकन् फिरे. हातोडा दांडा पुढें करून फेकला, तर त्याचें लोखंडी डोकें पुढें येऊं पाहतें, तसाच हा प्रकार. आरंभीं कारखान्यानें पुढच्या बंपरांत लोखंडी वजनें घालून तोल सांवरण्याचा यत्न केला. पुढें १९६९ सालच्या गाड्यांत दोन्ही आंसांतील अंतर ५७ मिलिमीटरांनीं वाढविलें. मागचीं चाकें तेवढीं मागें सरलीं आणि गाडीचा स्वभाव पुष्कळ निवळला.

त्यानंतरच्या दशकांत संकट वाढलें. धूर, आवाज आणि अपघातांतील सुरक्षितता यांविषयींचे अमेरिकेंतील कायदे कडक होऊं लागले, आणि अमेरिका ही तर या गाडीची मोठी बाजारपेठ. कारखान्याचे प्रमुख एर्न्स्ट फूरमान यांचें मत झालें कीं, या गाडीचे दिवस भरले. ते तिचे वैरी नव्हते. त्यांच्याच कारकीर्दींत १९७४ सालीं टर्बो-एंजिनाची ९११ निघाली होती. परंतु ठिगळें लावावयाचीं तरी किती, हा त्यांचा प्रश्न होता, व तो रास्त होता. १९७७ सालीं त्यांनीं ९२८ ही गाडी पुढें आणली. एंजिन पुढें, तें आठ सिलिंडरांचें व पाण्यानें थंड होणारें. गिअरची पेटी मागच्या आंसापाशीं, म्हणून भार दोन्हीकडे जवळजवळ सारखा. १९७८ सालची युरोपांतील सर्वोत्कृष्ट मोटार हा मान तिला मिळाला. कागदावर तिच्यांत उणें कांहीं नव्हतें. तरीही ९११ च्या चाहत्यांचें मन तिच्याकडे वळलें नाहीं.

१९८१ च्या जानेवारींत पेटर शुट्झ हे प्रमुख झाले. बर्लिनमध्यें जन्मलेले हे ज्यू गृहस्थ बालपणींच कुटुंबासह नाझींच्या छळांतून निसटून अमेरिकेंत वाढले होते. त्यांनीं स्वतः पुढें सांगितलेली हकीकत अशी : नव्या गाड्यांची आंखणी करणारे मुख्य इंजिनिअर हेल्मूट बॉट यांच्या खोलींत भिंतीवर एक तक्ता होता. त्यावर प्रत्येक गाडीच्या भावी वाटचालीची रेघ काढलेली होती. ९२८ व ९४४ यांच्या रेघा पुढें जात होत्या. ९११ ची रेघ १९८१ च्या अखेरीस तुटली होती. शुट्झ यांनीं तेथील लेखणी उचलली, ती रेघ तक्त्याच्या कडेपर्यंत नेली, आणि तशीच भिंतीवरून ओढीत थेट दाराबाहेर नेली! लाडकी गाडी बंद होणार, या वार्तेनें कारखान्यांतील माणसांचीं मनें खचलीं आहेत, हें त्यांनीं ओळखलें होतें.

गोष्ट येथेंच संपती, तर ती निव्वळ भावनेच्या विजयाची ठरती. परंतु वांचविणें म्हणजे आहे तसें ठेवणें नव्हे. १९८९ सालच्या ९११ मध्यें ८५ टक्के भाग नवे असल्याचें कारखान्यानें सांगितलें. १९९३ सालीं मागचीं चाकें गाडीस जोडणारी सर्व रचना बदलली, आणि वळणावर शेपूट फिरण्याची भीति बहुतांशीं गेली. १९९७ सालीं तर सर्वांत कठोर निर्णय झाला : वाऱ्याऐवजीं पाणी. धूर व आवाज यांचे नियम पाळून शक्ति वाढविणें वाऱ्याच्या एंजिनास कठीण होऊन बसलें होतें. जुने भक्त हळहळले, कित्येक रागावलेही. पण गाडी तरली. तिची जागा घेण्यास आलेली ९२८ मात्र १९९५ सालींच बंद पडली होती. ११ मे २०१७ रोजीं दहा लाखावी ९११ कारखान्यांतून बाहेर पडली.

आतां कोणी विचारील कीं, इतके भाग बदलल्यावर ती गाडी तीच कशी? मिलिंद राजा व भिक्षु नागसेन यांच्या प्रसिद्ध संवादांत रथाचा दाखला आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे. सर्व अवयव जुळून आले, म्हणजे त्या जुळणीस रथ हें नांव मिळतें. हाच न्याय येथें लागू पडतो. ९२८ नें जुळणीच बदलली, म्हणून ती उत्तम असूनही परकी राहिली. ९११ चे भाग बदलले, पण शेपटाकडचें सहा सिलिंडरांचें एंजिन, मागें उतरत जाणारें छप्पर, मागच्या दोन चिमुकल्या बैठका, ही जुळणी टिकली. खुद्द ९११ ही ३५६ या तितक्याच लाडक्या गाडीच्या जागीं आली, तेव्हांही नांव व बांधणी नवी होती, परंतु एंजिन शेपटाकडेच होतें आणि तें वाऱ्यानेंच थंड होत होतें.

तेव्हां ज्याच्या दारीं अशी एखादी लाडकी गाडी उभी असेल, त्यानें कारागिराकडे जाण्यापूर्वीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा : हिच्यांतील कोणती गोष्ट गेली असतां ही माझी वाटणार नाहीं? तेवढी राखून बाकी सारें बिनदिक्कत बदलावें. ब्रेक जुने ठेवण्यांत निष्ठा नाहीं, धोका आहे. परंतु आपणांस हवी असलेली सोय त्या जुळणीवरच घाव घालणारी असेल, पांच माणसांचें कुटुंब व त्यांचें सामान तिच्यांत कोंबावयाचें असेल, तर तिची मोडतोड करूं नये. ती धडधाकट अशीच दुसऱ्या रसिकाच्या हातीं द्यावी व आपण दुसरी घ्यावी. प्रेम दोन्ही मार्गांत आहे. तें नसतें केवळ अर्धवट दुरुस्तींत.