सहकुटुंब, सहपरिवार, समुद्रावर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'बोटीनं जायचं' म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या मंडळींना भाऊचा धक्का आठवतो. डेकवर पथारी पसरून केलेला कोकणचा प्रवास आठवतो. आगबोट बंदराबाहेरच उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव येऊन तिला भिडायचे, तेही आठवतं. ती बोट कुठं तरी पोहोचण्यासाठी होती. हल्ली ज्या बोटींच्या जाहिराती येतात त्यांच्यात पोहोचणं दुय्यम असतं, बोटीवर राहणं हाच मुख्य कार्यक्रम. तिला क्रूझ म्हणायची पद्धत पडली आहे. आजी-आजोबा, मुलगा-सून, नातवंडं अशी तीन पिढ्यांची कुटुंबं या क्रूझवर जाऊ लागली आहेत आणि निघण्याआधी त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, 'तिथं नेमकं काय असतं हो?'

या प्रश्नाचं अर्धं उत्तर माहितीपत्रकात छापलेलं असतं. जेवण, तलाव, नाटकघर, जादूचे प्रयोग, गाणीबजावणी वगैरे. ते खरंच असतं, त्यामुळे त्यावर मी फार बोलत नाही. मला बोलायचंय ते उरलेल्या अर्ध्याबद्दल. जहाज आपल्या कुटुंबाचं काय सांभाळतं आणि काय आपल्यालाच सांभाळावं लागतं, याबद्दल.

आधी जहाजाविषयी. मुंबईहून सप्टेंबर २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया क्रूझेस' या कंपनीच्या 'एम्प्रेस' जहाजाच्या सफरी सुरू झाल्या. गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या या जहाजानं केल्या आहेत. ते बांधलं गेलं १९९० मध्ये, फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत, 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावानं. मुळात बहामा बेटांच्या तीन-चार दिवसांच्या छोट्या सफरींसाठीच. लांबी सुमारे २११ मीटर, आकार सुमारे ४८ हजार टन. हे टन वजनाचे नव्हेत बरं का, जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं ते माप असतं. आता दुसरीकडे, जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतून निघू लागलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' पाहा. जवळजवळ अडीच लाख टन, वीस मजले, सात तलाव आणि सहा पाणघसरगुंड्या. मुलं मोबाइलवर चित्रफिती पाहतात त्या या दुसऱ्या जहाजाच्या, आणि चढतात पहिल्यावर. मग पहिल्याच संध्याकाळी तोंडं उतरतात. म्हणून आपण जाणार त्याच जहाजाचा नकाशा आधी घरी मुलांपुढे ठेवावा. लहान जहाजाचा एक फायदा मात्र कुणी सांगत नाही. ते तासाभरात पाठ होतं. आजोबांना एकट्यानं खाली चहाला जाऊन पुन्हा आपल्या खोलीत येता येतं. अतिप्रचंड जहाजावर तेवढ्यासाठी मैलभर चाल पडू शकते.

बंदरावर पोहोचलात की मोठं सामान तिथंच द्यावं लागतं. ते खोलीच्या दारात येईपर्यंत काही तास जातात. तेव्हा औषधं, बाळाचं खाणं, चष्मे, कागदपत्रं आणि मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीतच हवेत. रक्तदाबाची दुपारची गोळी बॅगेत आणि बॅग जहाजाच्या पोटात, हे अगदी नेहमीचं दृश्य आहे. सामानाची तपासणी होते. इस्त्री, विजेची किटली, एक्स्टेन्शन बोर्ड बहुतेक जहाजांवर चालत नाहीत. निरांजन, उदबत्ती, मेणबत्तीही नाही. भर समुद्रात आगीइतकं भय कशाचंच नसतं आणि अग्निशमन दल बाहेरून येणार नसतं, हे आजींना नीट समजावून सांगितलं तर त्या रागावत नाहीत. नाहीतर सफरीभर 'देवापुढे दिवा नाही' हे ऐकावं लागतं.

यानंतर येते ती सुरक्षेची तालीम. संकटाची सूचना म्हणजे भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज. तो ऐकला की आपल्याला नेमून दिलेल्या जागी जायचं असतं. हल्ली बऱ्याच जहाजांवर यातला माहितीचा भाग मोबाइलवर किंवा खोलीतल्या टीव्हीवर बघायचा आणि त्या जागी जाऊन नुसती हजेरी द्यायची, अशी सोय आहे. लोकांना ही कटकट वाटते. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटून कलंडलं आणि ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी नव्यानं चढलेल्या शेकडो प्रवाशांची तालीम झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमानं ती चोवीस तासांत केव्हाही घेता येत असे. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला. आता तालीम जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच व्हायला हवी. तेव्हा सगळ्या कुटुंबानं मिळून जागा पाहून यावी. मुलं खेळायला एकीकडे आणि आपण दुसरीकडे असताना भोंगा झाला तर मुलांना त्या जागी कोण आणणार, हे तिथल्या कर्मचाऱ्याला त्याच वेळी विचारून घ्यावं.

खोली, म्हणजे केबिन, लहान असते. चौघांच्या केबिनमध्ये दोन बिछाने खाली आणि दोन भिंतीतून किंवा छतातून उघडणारे, शिडी लावून चढायचे. ते नातवंडांना फार आवडतात आणि आजीआजोबांच्या काही कामाचे नसतात. आतल्या बाजूच्या, बिनखिडकीच्या केबिन स्वस्त पडतात. दिवा मालवला की तिथं दुपारी बारालाही मध्यरात्र. तान्ही मुलं छान झोपतात, पण वयस्कर माणूस रात्री उठला तर गोंधळतो, म्हणून न्हाणीघरातला दिवा चालू ठेवावा. न्हाणीघराच्या दाराशी बहुधा उंबरठा असतो, त्याला ठेच लागते. आणखी एक मेख. 'केबिन क्रमांक नंतर कळवू' अशा अटीवर जे स्वस्त तिकीट मिळतं, त्यात कंपनी देईल ती खोली घ्यावी लागते. मग आजीआजोबा चौथ्या मजल्यावर आणि बाकीचे आठव्यावर, असंही होतं. तीन पिढ्या असतील तर चार पैसे जास्त देऊन शेजारच्या दोन खोल्या घ्याव्यात, असं माझं मत आहे.

आता मुलांचं. कुटुंबांसाठीच्या जहाजांवर मुलांचा वेगळा विभाग असतो. साधारण तीन ते अकरा-बारा वर्षांची मुलं तिथं घेतात आणि शू-शीचं स्वतःचं स्वतः कळायला हवं, ही अट असते. त्याहून लहान मुलाबरोबर आईनं किंवा बाबांनी थांबावं लागतं. काही जहाजांवर पाळणाघर असतं, पण त्याचे पैसे वेगळे. मोठ्या मुलांची, तेरा ते सतरा वयाची, जागा निराळी. मुलं रमतात, यात शंका नाही. चित्रं, खेळ, नकला आणि नवे सोबती. पण हा विभाग दिवसभर उघडा नसतो, त्याच्या वेळा असतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बहुतेक कंपन्या घेतच नाहीत, आणि लांबच्या सागरी सफरींना ही मर्यादा एक वर्षाची असते. गरोदर बाईचे चोवीस आठवडे होऊन गेले असतील तर तिलाही बहुतेक ठिकाणी चढू देत नाहीत. हे पैसे भरण्याआधी विचारायला हवं.

तलावाबद्दल जरा स्पष्ट बोलतो. अनेक जहाजांवर तलावाकाठी जीवरक्षक नसतो. तशी पाटीच लावलेली असते, 'आपल्या जबाबदारीवर उतरा'. आसपास दोनशे माणसं असतात, संगीत चालू असतं, आणि बुडणारं मूल ओरडत नाही. ते गप्पपणे खाली जातं. आपल्या एकत्र कुटुंबाची यात मोठी अडचण होते. आईला वाटतं बाबा बघताहेत, बाबांना वाटतं आत्या बघतेय, आत्याला वाटतं आजोबा आहेत ना! सहा मोठी माणसं आणि लक्ष कुणाचंच नाही. म्हणून पाळ्या लावाव्यात. 'आता अर्धा तास माझ्याकडे' असं तोंडानं म्हणावं आणि त्या अर्ध्या तासात मोबाइलला हात लावू नये. डायपरमधल्या बाळांना मुख्य तलावात सोडत नाहीत. काही जहाजांवर त्यांच्यासाठी पाण्याचे फवारे असतात.

तशीच गोष्ट सज्जाची. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्यानं जहाजाचा कठडा किमान ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट उंच हवा. लहान मूल उभं राहून त्यावरून पडत नाही. त्यासाठी खुर्ची लागते, आणि खुर्ची सज्जातच ठेवलेली असते. मुलं लहान असतील तर सज्जाच्या खुर्च्या आत घ्याव्यात आणि दाराची वरची कडी लावावी. फोटोसाठी मुलाला कठड्यावर बसवणारे बाप पाहिले की मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

'बोट लागणं' हा शब्द आपल्याकडे आहेच. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा आहे, ती सांगते हलतोय, आणि केबिनमध्ये डोळे सांगतात स्थिर आहोत. या भांडणात पोट ढवळतं. मोठ्या जहाजांना दोन्ही बाजूंनी पंखांसारखी पाती असतात, त्यांनी डुलणं बरंच कमी होतं. तरीही ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्याजवळची खोली मागावी. तिथं हालचाल सर्वांत कमी. मळमळू लागलं तर उघड्यावर येऊन क्षितिजाकडे पाहत बसावं. आलेपाकाची वडी काहींना उपयोगी पडते. गोळी घ्यायची तर आधी, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. पण या गोळ्यांनी गुंगी येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांनी आणि लहान मुलांनी त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. हंगामही पाहावा. पावसाळ्यात आपला पश्चिम समुद्र खवळलेला असतो. याच 'एम्प्रेस'नं २०२२ आणि २०२३ च्या पावसाळ्यात आपला मुक्काम चेन्नईला हलवला होता.

जहाजावर दवाखाना असतो, पण तो साधा. गंभीर प्रसंगी रुग्णाला किनाऱ्यावर न्यावं लागतं आणि त्याचा खर्च छाती दडपणारा असतो. घरची नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी इथं लागू आहे का, हे विचारावं. नसेल तर रुग्णाला हलवण्याचा खर्च देणारा प्रवास विमा घ्यावा. चाकाची खुर्ची लागणारं कुणी असेल तर तशी रुंद दाराची खोली फार आधी राखून ठेवावी लागते, अशा खोल्या मोजक्याच असतात.

लक्षद्वीपला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते बाहेर उभं राहतं आणि लहान बोटींतून माणसं नेतात. थोडक्यात, आपला जुना पडाव. समुद्र हलत असेल तेव्हा त्या बोटीत उतरताना पाऊल नेमकं टाकावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांना ते जमत नाही आणि खुर्चीतल्या माणसाला काही वेळा परवानगीच मिळत नाही. हवा बिघडली तर बेटावर उतरणंच रद्द होतं. बेट पाहायचं म्हणूनच जे पैसे भरतात त्यांनी ही शक्यता मनाशी धरून निघावं. परतीची वेळ पक्की असते. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज तुमची सोय पाहतं. स्वतः टॅक्सी करून गेलात आणि उशीर झाला तर ते निघून जातं, पुढच्या बंदरापर्यंत पोहोचणं तुमच्या खिशातून.

जेवणाची ददात नसते. मुंबईच्या जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं. परदेशी जहाजांवर ते तिकीट काढतानाच सांगून ठेवावं. आपली एक खोड म्हणजे 'पैसे वसूल'. ताटात डोंगर रचायचा आणि निम्मा टाकायचा. अहो, तीच भजी रात्रीही असतात! जेवणाआधी हात साबणानं धुवावेत. जहाजांवर जुलाब-उलट्यांची जी साथ पसरते, तिच्या नोरोव्हायरसला नुसत्या सॅनिटायझरनं फारसा आळा बसत नाही. परदेशी जहाजावर वाढणाऱ्या मंडळींत गोव्याचे तारवटी किंवा आपल्याकडचं कुणी हमखास भेटतं. सहा-आठ महिने घर सोडून आलेली ही माणसं असतात, त्यांच्याशी दोन शब्द मराठीत बोलावेत.

आणि ज्या बाईनं वर्षभर घरात सगळ्यांचं खाणंपिणं पाहिलं, तिला इथं स्वयंपाक नाही, अंथरुणं काढणं नाही. फक्त तलावाच्या आणि मुलांच्या सगळ्या पाळ्या तिच्याच गळ्यात पडल्या, तर तिच्यासाठी जहाज आणि घर यांत फरक तो काय?

पैशांचं थोडक्यात. भाड्यात खोली, ठरलेल्या ठिकाणचं जेवण आणि बहुतेक खेळ येतात. शीतपेयं, मद्य, खास उपाहारगृहं, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. परदेशी जहाजांवर दर माणशी दर दिवशी सेवाशुल्क लागतं, बहुधा मुलांचंही. खोलीची किल्ली असलेलं कार्डच पैशांचंही असतं, तेव्हा मुलांच्या कार्डावरची खरेदी पहिल्या दिवशीच बंद करून घ्यावी, व्हिडिओ गेमच्या खोलीत ते भराभर रिकामं होतं. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकावा. भर समुद्रात तो उपग्रहाच्या जाळ्याला जोडला गेला तर रोमिंगचं बिल तिकिटाशी स्पर्धा करतं. आणि सिंगापूरहून जाणार असाल तर परत आल्यावर पुन्हा प्रवेश मिळेल असाच व्हिसा हवा.

शेवटच्या रात्री सामानाला चिठ्ठ्या बांधून ते खोलीबाहेर ठेवायला सांगतात. सकाळी घालायचे कपडे आणि औषधं मात्र बाहेर काढून ठेवा, नाहीतर रात्रीच्या कपड्यांतच मुंबईत उतरण्याची वेळ येते. हिशेबाचा कागद रात्रीच मागून घ्या आणि तपासा. सकाळी त्या काउंटरपुढे लांबलचक रांग असते आणि तेवढ्या वेळात वर डेकवर उभं राहून बंदर जवळ येताना पाहता येतं.