यकृतातली चरबी आणि वनस्पतींतली द्रव्ये

यकृतातल्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत चरबीचे थेंब साठले, की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. दुखत-खुपत काही नसते. दुसऱ्याच तक्रारीसाठी काढलेल्या सोनोग्राफीत ‘ग्रेड १’ असा शेरा येतो, तेव्हा ते कळते. दारूला न शिवणाऱ्यांनाही ते होते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले, की साठ्यातून सुटलेली मेदाम्ले यकृतात येऊन पडतात. अनेकांत गोष्ट तिथेच थांबते. काहींत दाह सुरू होतो, मेलेल्या पेशींच्या जागी तंतू धरतात आणि शेवटी सिरॉसिस होतो. उपचार म्हणवणाऱ्या द्रव्याने यांपैकी काहीतरी रोखले पाहिजे, आणि तेही माणसात. उंदरात रोखणारी द्रव्ये ढिगाने आहेत.

वनस्पतींतल्या द्रव्यांपैकी माणसात सर्वांत बरे उतरले ते ई जीवनसत्त्व. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत मधुमेह नसलेल्या २४७ रुग्णांपैकी एका गटाला त्याचे नैसर्गिक रूप रोज ८०० युनिट, असे ९६ आठवडे दिले. यकृताचा तुकडा तपासला, तेव्हा ४३ टक्क्यांत सुधारणा होती. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत १९ टक्क्यांत. तंतू मात्र फारसे हटले नाहीत. मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांतले सिलिमरिन मलेशियातल्या २०१७च्या चाचणीत मुख्य कसोटीला उतरले नाही, तंतूंबाबत थोडी आशा दिसली एवढेच. ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून त्याचा खप त्याआधीपासूनच आहे. दारुहळदीतले बर्बेरिन पेशींत चरबी तयार होणे मंदावते, पण तोंडाने घेतलेल्यापैकी एक टक्काही रक्तात पोचत नाही.

हळदीची अडचण हीच, आणि ती नीट पाहण्याजोगी आहे. हळदपुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. भाजी-आमटीतून दिवसाला दोन ग्रॅम हळद पोटात गेली, तर कर्क्युमिन जाते साठेक मिलिग्रॅम. कॅप्सूल असते पाचशेची. तरी त्यातले बहुतेक आतडे आणि यकृत मिळून निष्प्रभ करतात. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतले पायपरीन अवघे २० मिलिग्रॅम दिले, आणि रक्तात पोचणारे प्रमाण सुमारे वीसपट झाले. कॅप्सूलवाल्यांनी ही युक्ती लगेच उचलली. पण पायपरीन हे साधते ते शरीराची परकी द्रव्ये निकामी करण्याची यंत्रणा अडवून. आणि या यंत्रणेचे मुख्य ठाणे यकृतच. इटलीत आणि अमेरिकेत हळदीच्या कॅप्सूल घेणाऱ्यांत हिपॅटायटिसचे रुग्ण आढळले आहेत, त्यांतल्या काहींच्या गोळ्यांत मिरीचा अर्कही होता.

ग्रीन टीचा काढा निरुपद्रवी. त्याच्या अर्कातले कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅमवर गेले, तर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, असे युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली नोंदवले. कोविडकाळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला.

तूर्त पक्का उपाय वजनाचा: सात ते दहा टक्के घटले, तर चरबीबरोबर दाहही ओसरतो. कॅप्सूलचे मात्र निदानातही अडते. ‘कुठली औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाला रुग्ण ‘काहीच नाही’ म्हणतो, कारण डबीवर हळकुंडाचे चित्र असते, आणि कावीळ कशाने झाली हे शोधण्यात आठवडे जातात.