घरांतील वाचनाचा पाठ
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं मागील पिढ्यांचें स्मरण करावें, हा आपला परिपाठ आहे. आम्हीही एका स्मरणानेंच आरंभ करितों. १५७९ सालीं गोव्यास आलेले इंग्रज जेज्वीट फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राशोल येथें छापून निघालें. तें देवळांत वाचलें जाई. वाचणारा एक, ऐकणारे अनेक. ज्यांस अक्षरओळख नव्हती, तेही त्या ग्रंथाबाहेर राहिले नाहींत. ही गोष्ट आज सांगण्यास कारण आहे.

आपल्या किनाऱ्यावरील कित्येक माता, आणि आज्या तर विशेषेंकरून, म्हणतात, “आमका वाचूक येणा नाय, आमी पोरांक काय शिकवतलंव?” ह्या संकोचानें मूल पुस्तक घेऊन कोपऱ्यांत बसतें आणि आई चुलीपाशीं दूर राहते. हळूहळू मुलास वाटूं लागतें कीं, पुस्तक शाळेचें, घरास त्याच्याशीं कर्तव्य नाहीं. आमच्या मतें निरक्षरतेपेक्षां हा दुरावाच अधिक घातक होय.

अक्षर नुसत्या डोळ्यांनीं पक्कें होत नाहीं. जुन्या पंतोजींची धूळपाटी हेंच सांगत होती. १९०७ सालीं रोम शहरांत बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसरीबाईंनीं खरखरीत कागदाचीं अक्षरें मुलांच्या बोटांखालीं दिलीं. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस खेड्यांतील बालकांकरितां काम आरंभिलें, तेव्हां भोंवतालच्या साध्या वस्तूंनाच साधनांचा मान दिला. आपल्यापाशीं तर सारा किनारा आहे.

ओहोटीच्या वेळीं ओल्या वाळूंत काठीनें मोठें अक्षर काढावें. लेखणी जेथून सुरू होते, तेथून मुलानें त्यावर पावलें टाकीत चालावें व उच्चार करावा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ हीं डोळ्यांस फसविणारीं अक्षरें पायांस निराळीं लागतात. पावसाळ्यांत ताटांत बारीक वाळू पसरून तोच पाठ बोटानें गिरवावा. खळ्यांत चौकटी आंखून त्यांत अक्षरें लिहावीं. आजीनें ‘बांगडा’ म्हणतांच नातवानें लंगडी घालीत ‘ब’वर जावें, ‘तारकर्ली’ म्हणतांच ‘त’वर. शब्द आजीचा, अक्षर नातवाचें.

रात्रीं तेर्सानंतर दहा मिनिटें पुरेत. मुलानें ओळीखालीं बोट फिरवीत मोठ्यानें वाचावें, थोरांनीं ऐकावें व “मगे काय झाला?” असें विचारावें. उत्तर मालवणींतच येऊं द्यावें. पुस्तकी मराठी आणि घरची बोली ह्यांत अंतर आहे. वाचलेलें मुलानें आपल्या बोलींत सांगितलें म्हणजे अर्थ कळला कीं नुसता उच्चार झाला, हें निरक्षर मातेसही ताडतां येतें. मूल अडखळल्यास हंसूं नये. शेजारच्या मुलाशीं तुलना तर मुळींच करूं नये. त्या फिरत्या बोटाकडे पाहतां पाहतां आईसही आपलें नांव लिहावेंसें वाटलें, तर गुरुपदाचा मान मुलासच द्यावा.

येत्या रविवारचें शुभवर्तमान शनिवारीं रात्रीं प्रत्येक घरीं एकदां वाचलें जावें, एवढीच ह्या महोत्सवप्रसंगीं आमची विनंती. दुसरे दिवशीं देवळांत तेंच शब्द कानीं पडतील, तेव्हां लेंकरूं आईकडे वळून पाहील. आणि तिलाही ते ओळखीचे असतील.