आवाज बंद होतो तेव्हा

मी चित्रपटांचा शौकीन. टीव्हीवरच्या मालिकाही सोडीत नाही. पण मालिकेत सासूबाईंनी नुसता पेला खाली ठेवला, तरी त्यांचा चेहरा तीनदा दाखवतात, आणि मागून ढोल!

नागराज मंजुळे यांचा २०१६ सालचा ‘सैराट’ पाहा. गाण्यांनी चित्रपटगृह नाचविणारा हा चित्रपट अखेरीस आवाजच बंद करतो. रक्ताची पावले उमटवीत पोर रडत चालते. त्याचे रडणे मात्र ऐकू येत नाही.

त्यांच्याच २०१३ च्या ‘फँड्री’त कैकाडी घरचा जब्या घरच्यांबरोबर डुकरामागे धावतो आहे. तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. तो जागीच ताठ उभा, घरचेही उभे. डुक्कर मात्र निसटते. गुरुजी, हा प्रसंग वरच्या वर्गांना दाखवाच. मुले आधी हसतील. हसू द्या. मग विचारा, जब्याच्या गावातली माणसे कशाला हसत होती?