पिशवीत राहिलेला रिपोर्ट

खर्ड्याहून बोलतेय. गटाच्या बैठकीत आपण हप्ते, व्याज बोलतो. आज घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल बोलू.

माझ्या सासूबाई गोठ्यात घसरल्या, डोकं दावणीला लागलं. टेंगूळ दोन दिवसांत उतरलं. महिन्याने मात्र त्या बोलताना शब्द विसरू लागल्या, एक पाय ओढू लागल्या. आम्ही म्हणालो, वय झालं. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे. सीटी स्कॅनमध्ये कळलं, कवटी आणि मेंदूच्या मध्ये जुनं रक्त साठलंय.

म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो, त्यावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात. साध्या धक्क्यानेही त्या तुटतात. साठलेल्या रक्ताभोवती पडदा धरतो आणि त्या पडद्यातल्या नाजूक रक्तवाहिन्यांतून पुन्हा रक्त झिरपतं. म्हणून त्रास काही आठवड्यांनी दिसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा दारू असेल तर धोका जास्त.

कवटीला छोटं छिद्र पाडून डॉक्टरांनी रक्त काढलं आणि पडद्याचा तुकडा तपासायला पाठवला. दर वेळी पाठवतातच असं नाही. बहुतेकदा त्यात जुन्या रक्ताच्याच खुणा निघतात. पण क्वचित भलतंच सापडतं. स्तनाच्या, पोटाच्या किंवा पुरुषांमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशी, कधी रक्ताचा कर्करोग. कधी हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या रक्ताच्या कोवळ्या पेशी तिथे दिसतात. त्या दिसल्या म्हणजे कर्करोगच, असं नाही.

सासूबाई घरी आल्या, चालू लागल्या. रिपोर्ट आणायचा राहिला, आणल्यावर पिशवीतच पडला. पंधरा दिवसांनी मी तो काढला तेव्हा हात कापत होते. कर्करोग नव्हता. असता, तर ते पंधरा दिवस वाया गेले असते.

आपल्याच जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली प्रकल्प सुरू केला, गावातल्या बायकांना आरोग्याचं शिकवलं. कागद वाचायला आपणही शिकू शकतो.

म्हणून एवढं करा. म्हातारं माणूस पडलं की तारीख लिहून ठेवा. पुढच्या दोन-तीन महिन्यांत डोकं दुखणं, झोपाळूपणा, विसरणं, तोल जाणं दिसलं तर डॉक्टरांना ती तारीख सांगा. शुद्ध हरपली किंवा झटका आला तर लगेच १०८ ला फोन करा. आधीची गाठ, आधीचा कर्करोग, चालू गोळ्या लपवू नका. ऑपरेशन झाल्यावर विचारा, "तुकडा तपासायला पाठवला का? रिपोर्ट कधी मिळेल?" मिळाला की डॉक्टरांकडून समजून घ्या.

पुढच्या बैठकीत हप्त्याच्या वहीत एक पान या तारखांसाठी ठेवा.